एक जागा हातात, दुसरी फोनवर: पालकांसाठी नियमावली

ही नियमावली इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एका विशिष्ट अवस्थेसाठी आहे. पाल्याची फी भरून झालेली असते, होस्टेलसाठी गादी-बादलीची खरेदी आटोपलेली असते, आणि एका संध्याकाळी दुसऱ्याच कॉलेजातून फोन येतो, "तुमचा वेटिंगचा नंबर लागलाय. उद्या दहाला ओरिजिनल घेऊन या." सर्व कलमे आमच्या दाजींच्या कार्यपद्धतीवरून बेतली आहेत. त्यांची परवानगी घेतलेली नाही.

दाजी साताऱ्याचे. साताऱ्याची अडचण अशी की पुणे उत्तरेला, सांगली दक्षिणेला आणि अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच. त्यामुळे "पोरगी लांब जाते" हा घरोघरी वापरला जाणारा हुकमी मुद्दा इथे बाद. भाचीच्या हातातली जागा सांगलीच्या वालचंदमधली, इलेक्ट्रिकलची, कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली. फोनवरची जागा पुण्यातल्या एका खासगी कॉलेजातली, कॉम्प्युटरची, संस्थास्तरीय फेरीतली.

कलम १. फोन मुलीच्या मोबाइलवर आला तरी बोलावे वडिलांनी. "आम्ही विचार करून कळवतो" हे वाक्य भारदस्त आवाजात म्हणावे. विचाराला एकच रात्र आहे, हे फोन ठेवल्यावर लक्षात येऊ द्यावे.

कलम २. पसंतीक्रमाचा अवमान झाल्यास करावयाचा शोक. हे कलम समजायला दाजींची यादी पाहिलेली असावी लागते. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. बाकीची माणसं पाच-पंचवीस भरून मोकळी होतात, दाजींनी शंभराच्या वर भरले. प्रत्येक पर्याय म्हणजे एक कॉलेज आणि एक शाखा, त्यामुळे एकच कॉलेज यादीत सहा ठिकाणी डोकावतं. सरकारी ते हिरवं, अनुदानित ते पिवळं, बाकीचं गुलाबी. गेल्या वर्षीच्या कटऑफची अख्खी पीडीएफ त्यांनी छापून, भोकं पाडून, फाइलला लावली होती. जूनपासून घरात जेवताना परसेंटाइलशिवाय दुसरा विषय नव्हता. आणि फोनवरचं कॉलेज-शाखा त्या यादीत त्रेचाळिसावं! वालचंदचं इलेक्ट्रिकल अकरावं. त्रेचाळिसाव्यानं सरळ दारात येऊन अकराव्याला उठवायचं, म्हणजे मग यादी केली कशाला?

इथे एक गोष्ट नवख्यांनी समजून घ्यावी. कॅपच्या आत असा पेच पडतच नाही. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर बेटरमेंटचा प्रश्नच मिटतो. दोन जागा एकदम समोर उभ्या राहतात त्या कॅपच्या बाहेरून, संस्थेकडे वेगळा अर्ज केलेला असेल तर. आमच्याकडे तो अर्ज ताईनं केला होता. दाजींना ते फोन आल्यावर कळलं. हा उपविषय प्रस्तुत नियमावलीच्या कक्षेत येत नाही.

कलम ३. सल्लागार मंडळ. हिंजवडीतल्या मावसभावाला विचारलं. तो म्हणाला, "काहीही घ्या, पण कॉम्प्युटर नको." वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "इलेक्ट्रिकल सोडून काहीही." ज्यानं त्यानं स्वतःच्या जन्माचा हिशेब आमच्या भाचीच्या नावावर मांडला. मला विचाराल तर विचारावं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना. पहिल्या वर्षाचं पोर अजून हवेत असतं, शेवटच्या वर्षाचं वैतागलेलं. दुसऱ्या वर्षाचं पोर प्रॅक्टिकलला किती जण एका मशिनवर असतात, होस्टेलच्या नळाला पाणी कधी येतं आणि कुठले सर खरंच शिकवतात, एवढं सरळ सांगतं.

कलम ४. शेजारी. यांना फी भरल्याची पावती हातात आल्यावर सांगावे.

कलम ५. पैसे. इथे विनोद जरा बाजूला ठेवतो, कारण या कलमात लोक खरोखर बुडतात. ठरवून दिलेल्या कट-ऑफ तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली की अनामत रकमेवर समाधान मानावं लागतं. तेव्हा भावना, परंपरा, आजोबांची इच्छा वगैरेच्या आधी ती तारीख बघावी. दुसरं, ईबीसीची फी सवलत आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींना मिळणारी पूर्ण शिक्षण शुल्काची माफी, या गोष्टी कॅपमधून झालेल्या प्रवेशाला धरून आहेत. संस्थास्तरावर जागा घेतली तर सवलत मिळेल का, हे ऑफिसात लेखी विचारावं. "मिळून जाईल हो" हे फोनवरचं आश्वासन चार वर्षं टिकत नाही. तिसरं, खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तो आकडा आणि आपल्याला सांगितलेला आकडा शेजारी शेजारी ठेवावा. आणि नवी जागा कागदावर हातात येईपर्यंत जुनी रद्द करण्याचं बटण दाबू नये. घाईत दाबणारे असतात, आणि मग दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

याच कलमात दाजींना दाद द्यायला हवी. पुण्याला ओरिजिनल दहा वाजता हवेत, आणि एलसी तर सांगलीत जमा! सगळे डोक्याला हात लावून बसले असताना दाजींनी फाइल उघडली. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची त्यांनी सही-शिक्क्याची पोच घेतलेली होती. पुण्याच्या कॉलेजातल्या बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "पोच चालेल, एलसी नंतर आणा." दाजी काही बोलले नाहीत. फक्त फाइलची नाडी पुन्हा बांधताना त्यांनी ताईकडे एकदा पाहिलं.

कलम ६. पॅकेज. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर जो मुलगा हसत असतो, त्याचं पॅकेज हे त्याचं असतं, कॉलेजचं नव्हे. एनआयआरएफच्या संकेतस्थळावर कॉलेजांनी स्वतः दिलेली माहिती असते, तिथे किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, ते वाचावं. नॅकची श्रेणी संस्थेला मिळते, एनबीएचं मानांकन शाखेला. त्यामुळे "आमच्याकडे एनबीए आहे" असं कुणी म्हटलं की "कुठल्या शाखेला?" असं विचारावं. दाजींनी हे विचारलं. तिकडे थोडा वेळ शांतता होती.

कलम ७. पाल्याचे मत. शक्य झाल्यास घ्यावे. आमच्याकडे ते रात्री साडेअकराला घेण्यात आलं, तेही भाची पाणी प्यायला उठली म्हणून. घरातल्या मिक्सरपासून शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरपर्यंत सगळं उघडून पाहिलेली ही पोरगी. ती म्हणाली, "पप्पा, मला इलेक्ट्रिकलच करायचंय. तुम्हीच तर अकराव्या नंबरला टाकलेलं." दाजी म्हणाले, "पण कॉम्प्युटरला स्कोप..." ती म्हणाली, "मग तो पण मी सांगलीतूनच बघते," आणि झोपायला गेली.

त्यानंतर दाजी अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी बाहेर गेलो, तर म्हणाले, "मेसचं जेवण बरंय ओ तिथलं. मी जेवून आलोय." फी भरायला गेले तेव्हा हा माणूस मुलीला रांगेत उभं करून मेसमध्ये ताट घेऊन बसला होता, हे आम्हा सर्वांना त्या रात्री समजलं. आमटी जरा पातळ, पण पोळ्या गरम.

कलम ८. नकार. नुसतं न जाणं हा नकार नव्हे. त्या जागेवर डोळे लावून खाली कुणीतरी बसलेलं असतं, त्यामुळे ऑफिस उघडताच फोन करून स्पष्ट सांगावं. दाजींनी केला. आधी आभार मानले, मग पुण्याच्या शैक्षणिक परंपरेबद्दल दोन शब्द, मग सांगलीचं कॉलेज १९४७ सालचं असल्याची नोंद, मग मुलीची आवड, मग मेस. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "काका, हो का नाही तेवढं सांगा." दाजी "नाही" म्हणाले. मग लगेच विचारलं, "आता ही जागा किती परसेंटाइलला जाईल?" बाईंनी आकडा सांगितला आणि दाजींनी तो त्रेचाळिसाव्या ओळीसमोर लिहून घेतला. धाकटा यंदा दहावीला आहे.