विमा महाग, दंड स्वस्त

हजार ते पंधराशे सीसीच्या मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपयांना पडतो, वर जीएसटी. विम्याविना गाडी चालवताना सापडलात, तर पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये. गाडी पंधराशे सीसीच्या वरची असेल, तर विमा ७,८९७ रुपयांचा आणि दंड दुसऱ्यांदा सापडलात तरी ४,००० रुपयेच. विम्याचे हे दर जून २०२२ पासूनचे, दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतला. कायद्यात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे, पण केवळ विमा नाही म्हणून कोणी आत गेल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. जो कायदा पाळण्यापेक्षा मोडणं स्वस्त पडतं, तो लोक पाळतील ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

आणि लोक पाळत नाहीतच. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये जो अहवाल मांडला, त्यात देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमा नसल्याची नोंद आहे. म्हणजे सिग्नलला तुमच्या पुढेमागे उभ्या असलेल्या दोन वाहनांपैकी एकाचा विमा संपलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याने तुम्हाला ठोकलं तर भरपाई कोण देणार, याचं सरळ उत्तर असं की बहुधा तुम्हीच.

विमा नसणारे सगळे बेफिकीर आहेत, असं मात्र नाही. दीडशे सीसीपर्यंतच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपयांत होतो. तेवढे पैसे बहुतेकांकडे असतात. गोची वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. हेतू चांगला होता, पण झालं असं की शोरूममध्ये ऑन-रोड किमतीत विमा भरला गेला, पॉलिसी घरातल्या कुठल्याशा फाइलमध्ये गेली आणि पाच वर्षं कोणाला तिची आठवण काढायची वेळच आली नाही. मुदत संपली ती कोणाच्या लक्षात न येता. कर्जाच्या गाडीचंही तसंच होतं. हप्ते चालू असेतोवर बँक विम्याचा पाठपुरावा करते, आणि कर्ज फिटलं की विचारणारं कोणी राहत नाही.

आता ठोकर लागते तेव्हा काय होतं ते पाहू. तुम्ही सिग्नलला थांबलेले असता. मागून टेम्पो येतो, ब्रेक उशिरा लागतो आणि तुमच्या गाडीचा मागचा बंपर चेपतो. टेम्पोवाला उतरून हात जोडतो. ‘काका, तुम्हाला लागलं तर नाही ना? मग सोडा ना, पोटावर पाय नका देऊ.’ तोवर पाच-सहा जण जमतात. त्यातला एखादा म्हणतोच, ‘जाऊ द्या हो, गरीब माणूस आहे, इथंच मिटवून टाका.’ मागे हॉर्न वाजत असतात. तुम्ही विम्याचा कागद मागता, तर तो ‘मालकाकडं आहे’ म्हणतो आणि मालक फोन उचलत नाही. अखेर पाचशेची एक नोट पुढे येते किंवा तीही येत नाही, आणि गर्दी पांगते.

गर्दीचं मन मोठं असतं, यात शंका नाही. पण ते मोठेपण दुसऱ्याच्या खिशातून दाखवलं जातं. टेम्पोचालक गरीब असेलही, टेम्पोच्या मालकाला मात्र विमा परवडत असतो. तो काढत नाही, कारण न काढल्याचा भुर्दंड त्याच्यावर कधी पडलेलाच नसतो. आणि असं हात जोडणं फक्त टेम्पोवालाच करतो असंही नाही. वीस लाखांच्या गाडीतून उतरलेला माणूसही ‘कागद घरी आहेत’ म्हणत काढता पाय घेतो.

मग गाडी गॅरेजमध्ये जाते. गाडी सहा-सात वर्षांची, तिला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं संरक्षण, नाही. त्या वयाच्या गाडीला ते सहसा मिळतही नाही. समजा, बंपर बदलायला सहा हजार लागतात. बंपर प्लास्टिकचा, म्हणून घसाऱ्यापोटी निम्मे कापले जातात. राहिले तीन हजार. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची हजाराची वजावट. हातात आले दोन हजार. या दोन हजारांसाठी क्लेम केलात, की तुमचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो. पाच वर्षं एकही क्लेम न करता तुम्ही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पन्नास टक्के सवलत मिळवलेली असते. तो हप्ता आठ हजारांचा धरला, तर पुढच्याच वर्षी चार हजार जास्त भरावे लागतात. त्यानंतर पुन्हा वीस टक्क्यांपासून चढायला सुरुवात. गॅरेजवाला अनुभवी असेल, तर तोच सांगतो, ‘साहेब, क्लेम करू नका, खिशातून द्या.’ त्याचा सल्ला योग्य असतो, आणि नेमकं तेच संतापजनक आहे. जो नियमाने उभा होता त्याचे सहा हजार गेले, आणि ज्याने ठोकलं त्याचं काहीच गेलं नाही. समोरच्याचा विमा असता तर त्याच्या कंपनीकडे दावा तरी लावता आला असता. सहा हजारांसाठी विमा नसलेल्या माणसामागे अपघात दावा न्यायाधिकरणात कोण हेलपाटे घालणार?

इथवर बंपरची गोष्ट झाली. बंपरच्या जागी माणूस असेल तर हाच हिशेब क्रूर होतो.

कामावर पायी निघालेल्या बाईला विमा नसलेल्या गाडीने उडवलं असं समजा. मांडीचं हाड मोडलं, चार महिने काम बंद. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तिच्या बाजूने निकाल देतं, भरपाईची रक्कमही ठरते. गाडीचा विमा असता तर ती रक्कम कंपनीने भरली असती. चालकाकडे लायसन्स नसलं, तरी अनेक प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. पण विमाच नसेल तर कंपनी आणायची कुठून? उरतो फक्त मालक. त्याने पैसे दिले नाहीत, तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. ज्याच्या नावावर जमीन नाही, खात्यात पैसे नाहीत, त्याच्याकडून काय वसूल होणार? तिच्या हातात निकालपत्र राहतं आणि उधारी तिच्याच डोक्यावर राहते.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही, हेही सांगायला हवं. ज्या अपघातात कोणी जखमी झालं किंवा दगावलं, त्यातली गाडी विम्याविना असेल, तर मालकाने भरपाईची पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत हमी आली नाही तर गाडीचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं. आता ते केंद्राच्या नियमांतही आहे. अपघातानंतर ४८ तासांत पोलिसांनी प्राथमिक अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे, आणि ठोकणाऱ्याचा विमा नसला तरी ती लागू होते. हे नियम जखमींच्या नातेवाइकांनी पाठ करावेत असे आहेत. गाडी पोलीस ठाण्यातून सुटायच्या आधी ‘हिचा विमा आहे का?’ हा प्रश्न लेखी विचारा. गाडी एकदा सुटली, की तुमच्या हातातली सगळ्यात मोठी हमी गेली.

दुसरा खड्डा जुन्या गाड्यांच्या बाजारात आहे. गाडी विकताना एजंट म्हणतो, ‘टीटी फॉर्मवर सह्या करून ठेवा, ट्रान्सफरचं मी बघतो.’ आपण सह्या करतो, पैसे घेतो, विसरतो. गाडी पुढे आणखी दोन-तीन हातांतून फिरते आणि आरसीवर नाव आपलंच राहतं. अशाच एका प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक विकली गेली होती आणि अपघात झाला तेव्हा नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. म्हणजे विकलेल्या गाडीचा विमा नव्या मालकाने काढला नाही, तर ती जोखीम तुमच्या घरापर्यंत येते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते कळवा. एजंटच्या भरवशावर सोडू नका.

विम्याचं हे जे होतं तेच देखभालीचं होतं, कारण सवय एकच आहे. गाडी चालतेय ना, मग चालू द्या. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीच्या खाचा असाव्या लागतात. त्या मोजायला यंत्र लागत नाही. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सेकंडहँड गाडी घेताना रंग आणि म्युझिक सिस्टिम पाहणारे हे चार आकडे पाहत नाहीत. गुळगुळीत टायरची गाडी पहिल्या पावसात घसरते ती दुसऱ्याच्या अंगावर, आणि तिचाच विमा संपलेला असेल तर नुकसान पूर्णपणे त्या दुसऱ्याचं होतं.

म्हणून सरकारकडे तीन मागण्या आहेत. पहिली, दंड विम्याच्या हप्त्याशी बांधा. ज्या गाडीचा जो वर्षाचा हप्ता, त्याच्या किमान तिप्पट दंड. मग दंड भरून विमा टाळण्यात कोणालाच फायदा राहणार नाही. दुसरी, दंड घ्या आणि त्या पैशातून तिथल्या तिथे वर्षाची पॉलिसी काढून द्या. नुसती पावती हातात दिली, तर गाडी पुढच्या चौकात पुन्हा विम्याविनाच धावते आणि ज्याला ती उडवेल त्याला त्या पावतीचा काडीचा उपयोग नाही. तिसरी, माहिती वापरा. नंबर टाकला की विमा कधी संपला हे एमपरिवहन ॲपवर सामान्य माणसालाही दिसतं. चौकाचौकात कॅमेरे आहेत, ते सिग्नल तोडणाऱ्याचा नंबर टिपतात, घरी ई-चलान पाठवतात. तोच नंबर विम्यासाठी तपासायला अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे. मुदत संपायच्या महिनाभर आधी मालकाच्या मोबाइलवर सरकारी संदेश गेला, तर विसरणारे निम्मे तिथंच सावरतील.

पीयूसीचा अनुभव इथे आठवावा. पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नाही, अशी अट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातली होती. प्रदूषण कमी व्हावं हा हेतू, पण लोक त्यापायी विमाच टाळू लागले आणि २०२४ मध्ये न्यायालयाला ती अट मागे घ्यावी लागली. विमा काढणं जितकं अवघड कराल, तितका त्याचा फटका रस्त्यावर चालणाऱ्या अनोळखी माणसाला बसतो. म्हणून विमा काढणं सोपं हवं आणि न काढणं महाग.

सरकार करेल तेव्हा करेल. वाचकांनी मात्र एवढं आजच करावं. घरातल्या प्रत्येक वाहनाचा, आईच्या स्कूटरचा, मुलाच्या बाइकचा, गावाकडच्या जुन्या मोटारसायकलचा नंबर टाकून विमा तपासा. संपला असेल तर उद्या सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी काढा. पॉलिसीसोबत मालक-चालकाचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे ना, तेही पाहा, ते तुमच्या घरच्यांसाठी असतं. आणि पुढच्या वेळी चौकात कोणी ‘इथंच मिटवा’ म्हणाला, तर आधी नंबरप्लेटचा फोटो काढा, विमा तपासा, आणि तो नसेल तर ११२ ला फोन लावा. त्या गाडीखाली उद्या कोणाचा तरी मुलगा येऊ शकतो, म्हणून ती गाडी आजच अडवायला हवी.