घोड्याला खाऊ, मित्राला बेडी

१९९८ सालचा ‘हाफ बेक्ड’ हा चित्रपट. न्यूयॉर्कमधले चार गंजेटी मित्र. त्यातला केनी बालवाडीचा मास्तर. (पालकांनी मनावर घेऊ नये.) रात्री खाऊ आणायला गेलेला हा भला माणूस वाटेत पोलिसांच्या घोड्यालाच तो भरवतो. घोडा निघतो मधुमेही! घोडा मरतो, मास्तर आत, जामीन १० लाख डॉलर. उरलेल्या तिघांतला एक, म्हणजे अभिनेता डेव्ह शपेल, प्रयोगशाळेत झाडू मारतो. मग तिथलाच औषधी गांजा ढापून विकायचा! एकाला तुरुंगातून काढायला तिघांनी तुरुंगाचीच वाट धरायची, असा हिशेब. दुकानदारच गिऱ्हाईक असल्यावर दुसरं काय सुचणार म्हणा. मला दया आली ती घोड्याची. बिचाऱ्याने एकही झुरका मारला नव्हता.