पाय जमिनीवर, फोन ट्रायपॉडवर

अहो, ऐकलंत का? सगळे म्हणे जमिनीवर आलेत! कालपरवापर्यंत रिंगलाइटच्या उजेडात ओठांचा चंबू करणारी मंडळी आज सारवलेल्या अंगणात मांडी ठोकून बसलीत. लिपस्टिकच्या शेड दाखवणारी आता माठातलं पाणी दाखवते. ‘पंचविशीत कोट्यधीश व्हा’ म्हणून ओरडणारा पहाटे उठून शाईच्या पेनाने वही भरतो. भरता भरता त्याचा हात वरून कोण शूट करतं, हे मात्र विचारायचं नाही. अल्गोरिदममागे धावून दमलो, आता फक्त आतल्या आवाजाचं ऐकणार, असं जो तो सांगत सुटलाय. आणि सांगतोय कुठे? तिथेच! त्याच रीलवर, पहिल्या तीन सेकंदांत हुक टाकून, खाली ‘पटलं तर सेव्ह करा’ लिहून! आतला आवाजसुद्धा ट्रेंडिंग ऑडिओवर. घ्या!

बरं, दमले हे काही खोटं नाही. या अॅपवाल्या कंपन्यांनी माणसांना जितकं नाचवलं, तितकं वरपक्षाने वधूपित्यालाही कधी नाचवलं नसेल. आठवा ना. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. गावोगावच्या बांधांवर, एसटी स्टँडांवर, गोठ्यांत रंगलेले अभिनयसम्राट एका रात्रीत बेघर झाले. आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. मोजा बोटांवर. बरोब्बर दहावा दिवस! दहाव्याच्या दिवशीच बारसं उरकण्याची अशी घाई आपण तरी कुठे पाहिली नव्हती.

मग सुरू झाली मापं. आधी पंधरा सेकंद, कारण म्हणे हल्ली कुणाचं लक्ष टिकत नाही. मग तीस. मग साठ. २०२२ मध्ये नव्वद. आणि जानेवारी २०२५ मध्ये एकदम तीन मिनिटं! लक्ष अचानक टिकायला लागलं का? की च्यवनप्राश घेतला सगळ्यांनी? ज्याने दोन वर्षं घासून पंधरा सेकंदांत उकडीचा मोदक वळायला शिकवला, त्याला आता सांगतात, जरा निवांत घ्या, गोष्ट सांगा. गोष्ट सांगायची सवय मोडली कुणी, बाबांनो? २०२१ च्या जूनमध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाले की आम्ही आता नुसतं फोटोंचं अॅप राहिलेलो नाही. पोटापाण्यासाठी कॅमेरा घेतलेल्या आपल्या लग्नाच्या फोटोग्राफरने काय करायचं? त्याने व्हिडिओसाठी नवरा-नवरीला पळायला लावलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये किम कार्दशियन आणि कायली जेनर या अमेरिकी तारका-बहिणी करवादल्या, की आमचं जुनं इन्स्टाग्राम परत द्या, तेव्हा कंपनीने काही बदल मागे घेतले. त्याच सुमारास आपल्या पेठेतल्या फोटोग्राफरनेही हेच म्हटलं होतं. त्याच्या पोस्टला अकरा लाइक होते, त्यातले दोन घरचे.

आणि ती चौकटींची भानगड? ती विसरून कसं चालेल! ओळखीतल्या एका चित्रकर्तीने प्रोफाइलवर नऊ चौकोनांत मिळून एक गणपती बसवला होता. तीन ओळी, तीन रकाने, सोंड बरोबर मधल्या चौकोनात, मोदक खालच्या डावीकडे. नवीन काही टाकायचं तर एकदम तीन पोस्ट, नाहीतर देव सरकणार. म्हणजे पोटात कितीही कला उचंबळली तरी ती तीनच्या पटीत. असं तिने महिनोन्‌महिने सांभाळलं. जानेवारी २०२५ मध्ये चौकोन गेले, उभे आयत आले. प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही कडा छाटल्या गेल्या. कान गेले, मोदक अर्धा झाला आणि एकदंताचा होता तोही दात गेला! बाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की आता प्रोफाइल कसं दिसतंय याची पर्वा सोडली, यापुढे जे सुचेल ते, जसं सुचेल तसं. केवढी मुक्ती! ही घोषणाही उभ्या आयतात होती आणि अक्षरं कडांपासून नीट आत घेतलेली होती, एवढंच.

तर या अशा पोळलेल्या जिवांना आता माती हवी आहे. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीचंच अति झालंय. शनिवार-रविवारी पुण्यात कुठल्याही कुंभारकामाच्या कार्यशाळेत डोकावा. आयटीतली पंधरा माणसं कोरे अॅप्रन घालून चाकाभोवती वाकलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातून हुबेहूब तोच वाकडा कप निघतो. ‘अपूर्णतेतलं सौंदर्य’ अशी कॅप्शन तयारच असते. आता गंमत बघा. हीच ती मंडळी, ज्यांनी मार्च २०२५ च्या अखेरीस आपली लग्नं, आपली बाळं, आपला लॅब्रॅडोर, झाडून सगळं चॅटजीपीटीला देऊन घिबली करून घेतलं होतं. घिबली स्टुडिओचे तेव्हा ८४ वर्षांचे मियाझाकी, जन्म गेला ज्यांचा हाताने चित्रं काढण्यात, त्यांची शैली आपण डबा गरम होईपर्यंत लुटून आणली! त्याच सप्टेंबरात गूगलच्या जेमिनीने फोटोंत साड्या वाटल्या. ज्यांना उभ्या आयुष्यात निऱ्या जमल्या नाहीत, त्यांच्या शिफॉनचे पदर सोनेरी उन्हात भुरभुरले. आणि आता ह्याच बायका हातमागाचं कौतुक सांगणार, तेही डोळ्यांत पाणी आणून!

पण खरा कहर पाहायचा तर जुलैत मुळशी-मावळाकडे जा. भातलावणी! एक कन्यका पांढऱ्या शुभ्र सुती साडीत चिखलात उतरली. पांढऱ्या! केसांत फूल, पायात पैंजण, बांधावर मैत्रीण फोन घेऊन. शेजारच्या ओळीत चार कारभारणी डोक्यावर इरली घेऊन सकाळपासून वाकलेल्या. हिने एक रोप खोचलं, आभाळाकडे पाहिलं, डोळे मिटले. बांधावरून आवाज आला, ‘पदर वर गेलाय, परत!’ हिने रोप उपटलं. पुन्हा खोचलं, पुन्हा आभाळ, पुन्हा डोळे. ‘ढग आला मधे, परत!’ पुन्हा उपटलं. शेवटी कारभारणींतली थोरली कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, ‘अगं बाये, त्याला एकदाचं ठरवू दे तरी, कुठं जगायचंय ते!’ कन्यकेला हे इतकं आवडलं, इतकं आवडलं, की तिने मावशींना तेच वाक्य कॅमेऱ्याकडे बघून पुन्हा म्हणायला लावलं. त्या रीलला आलेले व्ह्यूज आपण पाहिलेत. आपणच दिलेत. मावशींना मिळाले की नाही त्यातले काही, कोण जाणे. इंद्रायणीचं ते रोप तरी जगलं असेल अशी आशा करू या.

घरातल्या म्हाताऱ्यांचे हाल तर विचारूच नका. आज्यांना एवढी मागणी पूर्वी फक्त बाळंतपणात असायची. कोनाड्यातून पाटा-वरवंटा निघाला, माळ्यावरून तांब्याचा बंब उतरला. ‘आजी, चुलीवर भाकरी कर ना.’ ‘का गं, सिलेंडर संपला?’ बिचारीने उभी हयात गॅस मिळावा म्हणून धुरात डोळे जाळले, आणि नातीला नेमका धूरच हवा, उन्हाच्या तिरिपेत सुंदर दिसतो म्हणून. तिकडे न्यू जर्सीत तर अंगणात बर्फ साचलेलं असताना गॅरेजमध्ये विटांची चूल मांडणारे वीर आहेत. आग विझवणारे आले तर त्यांनाही झुणका वाढतील, आणि तोही भाग दोन म्हणून टाकतील.

पुरुष मंडळी मागे आहेत असं समजू नका. फेसबुकवरचे आपले लेखक काका घ्या. ‘मी लाइकसाठी लिहीत नाही’ हे ते दर गुरुवारी संध्याकाळी लिहितात, कारण गुरुवारी संध्याकाळी रीच बरा असतो. पोस्टमध्ये लिंक दिली की फेसबुक पोस्ट दाबतं, ही त्यांची अढळ श्रद्धा. म्हणून लिंक पहिल्या कमेंटमध्ये. आणि अधूनमधून तो मजकूर फिरवतात, की नव्या नियमानुसार मला फक्त पंचवीसच मित्रांच्या पोस्ट दिसतात, तेव्हा वाचत असाल तर ‘हजर’ लिहा. हा मजकूर कित्येक वर्षं भाषा बदलून जगभर हिंडतोय आणि असला काही नियम नाही. तरी खाली ‘हजर’, ‘हजर सर’, ‘उपस्थित’ असे ऐंशी लोक! शाळेत खाडे करणारेच बहुतेक.

आणि ब्रेक! ‘थोडा ब्रेक घेतेय, स्वतःला शोधायला.’ आधी लोक गुपचूप गायब व्हायचे, आता निरोप समारंभ होतो. कमेंटमध्ये अश्रू, हृदयं, ‘लवकर ये गं’. चार दिवसांनी परत. घेऊन काय येते? ‘ब्रेकने मला काय शिकवलं’ याची इन्स्टाग्रामवरची कॅरोसेल! ऑगस्ट २०२४ पर्यंत त्यात फोटोंची दहाची मर्यादा होती, म्हणून आत्मज्ञान दहात आटपायचं. मग कंपनीने वीस केली. चार दिवसांत वीस साक्षात्कार! गौतम बुद्धांनाही एवढा वेग साधला नव्हता.

खरेपणाचं सुद्धा एक अॅप निघालं होतं, माहीत आहे ना? बीरिअल. फ्रान्समधलं. दिवसातून केव्हाही घंटी वाजणार, दोन मिनिटांत पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांनी असाल तसा फोटो टाकायचा. ना फिल्टर, ना तयारी. २०२२ मध्ये अॅपलने त्याला आयफोनसाठीचं वर्षातलं सर्वोत्तम अॅप ठरवलं. लोकांनी काय केलं? घंटी वाजली की दाबून ठेवली आणि संध्याकाळी छानशा हॉटेलात गेल्यावर ‘उशिरा’ म्हणून खरेपणा टाकला. दोन वर्षांत अॅप विकलं गेलं, पन्नास कोटी युरोंना. खोटेपणाला तरी एवढा भाव येतो का हो?

डोंबिवलीच्या एका काकूंचं सांगितलंच पाहिजे. त्या दारात रोज रांगोळी काढतात, ठिपक्यांची. सुनेने एकदा रील केली, ती चालली. तेव्हापासून काकूंची रांगोळी उभी झाली! गोल कासव बसेना फोनच्या मापात, तर त्यांनी कासव लांबवलं. आता जिन्याने येणाऱ्याला ते नक्की काय आहे कळत नाही. मगर म्हणतात शेजारी. सोसायटीत थोडी चर्चा झाली. काकू ठाम आहेत, ‘मी माझ्यासाठीच काढते.’ आणि सकाळचा चहा व्हायच्या आत आकडा बघतात. काकूंना नावं ठेवायची आपली प्राज्ञा नाही. त्यांच्या कासवाला पहिल्या तासात लाइक न देणाऱ्याला त्या जिन्यात ओळख दाखवत नाहीत, आणि आपलं कुकर-मिक्सरचं जाणं-येणं त्यांच्याकडे आहे.

आता तुम्ही मान हलवताय, की शी, काय हे लोक! हो का? मग परवा कासला गेला होतात तेव्हा बूट काढून गवतावर पाय ठेवलेला तो फोटो कुणाचा होता? ‘काहीच नाही, सहज’ अशी कॅप्शन सुचायला घाट उतरेपर्यंत वेळ लागला तो कुणाला? स्टेटस कुणी पाहिलं त्या यादीत खालून वर कोण गेलं? आपण आपलं हसतो लोकांना, आणि शेंबूड कुठे आहे ते आरशात दिसतंय.

सगळ्यावर कडी म्हणजे ती नवी शिबिरं. कोकणात, माडांच्या बागेत, दोन रात्री. पोचलात की फोन पेटीत बंद. मौन, मातीचा लेप, शेणाच्या गोवऱ्यांवरचा चहा, स्वतःशी भेट वगैरे. फोनशिवाय दोन दिवस! कसं जगत असतील माणसं? फी ऐकून आपण बसलोच. तर उलगडा झाला, की त्यात फोटोग्राफर धरलेला आहे. तुम्ही मौनात बसायचं, तो झाडाआडून टिपणार, कुठेही बघू नका म्हणतो. रविवारी रात्री पेटी उघडली की फोनवर लिंक हजर, तीनशे फोटो, रंग वगैरे नीट करून. केवढा हा निर्लज्जपणा! संतापाने आपलं तर डोकंच फिरलं. म्हणून फोन लावून खडसावलं त्यांना. पुढच्या महिन्यातल्या दोन जागा राहिल्यात. मौनाची सकाळची तुकडी घ्या म्हणाले, तेव्हा ऊन तिरपं असतं.