इशारा पातळी अर्धा सूत

कोल्हापुरात नवं यंत्र एकट्यानं चालू करता येत नाही. कायद्यानं बंदी नाही, पण खोक्याची चिकटपट्टी फाडल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि माणसं जमतात. ती लांबून बघत बसत नाहीत. आत येतात, चपला काढतात, ‘किती वॅटचं?’ असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत प्लगला हात घालतात.

यात माणसांचा दोष नाही, गावाच्या इतिहासाचा आहे. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी आणि विष्णुपंत दामल्यांनी १९१८ च्या सुमारास याच गावात स्वदेशी कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तेव्हापासून कोल्हापूरकराची पक्की समजूत आहे, की बाहेरून आलेलं यंत्र म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम आणि ते आपण पुरं करायचं. शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मारा. कुठल्याही जर्मन पार्टाचा नमुना टेबलावर ठेवला, तर समोरचा माणूस तो हातात घेऊन आधी जर्मनांचं काय चुकलं ते सांगतो, मग किंमत सांगतो.

अशा गावात मी, गणिताचा निवृत्त मास्तर, थिकनेस प्लेनर घेतला, म्हणजे लाकडाची फळी हवी तेवढ्या जाडीची तासणारं यंत्र. टेबलावर बसवायचा, बारा इंची. वजन तीस किलोच्या घरात, म्हणजे उचलायला दोघं लागतात आणि कसा उचलायचा ते सांगायला सहा. त्यात मी सूचनापुस्तिका वाचायला बसलो. यंत्र समोर असताना पुस्तिका वाचणाऱ्या माणसाबद्दल आमच्या गल्लीत जरा वाईट वाटून घेतात. शेजारचे काका शिरोलीच्या फाउंड्रीत उभी हयात घालवलेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, चालू करा की. वाचून कुठं मशीन चालतंय व्हय?”

आत भानगड फार नाही. खाली गुळगुळीत लोखंडी पाट, वर आडवा फिरणारा दंड, त्यात दोन पाती. हा दंड मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे मारतो. त्याच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन रबरी रूळ. पुढचा फळी आत ओढतो, मागचा बाहेर काढतो. बाजूला फिरवायचं हँडल असतं, त्यानं किती तासायचं ते ठरतं. संपलं यंत्र. बाकी सगळं ते कुठं ठेवायचं आणि आपण कुठं उभं राहायचं यावर आहे.

कुठं ठेवायचं हा प्रश्न मी भूमितीनं सोडवला. सहा फुटी फळी आत जायला अलीकडं सहा फूट लागतात आणि बाहेर यायला पलीकडं सहा. एवढी लांबी आमच्या घरात फक्त स्कूटर लावायच्या पोर्चमध्ये मिळते, तीही फाटक उघडं ठेवलं तर. स्टँड उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणला, पाणसळ लावून बघितला, यंत्र चार बोल्टांनी आवळलं. बोल्ट हवेतच. लांब फळीचं टोक हवेत लोंबायला लागलं की यंत्र तिच्यामागं जायला बघतं.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली.

“अहो, फळी मागं उडते असं त्या पुस्तकात लिहिलंय म्हणालात ना?”

“क्वचित. रुळाची पकड सुटली तर.”

“आणि मागं म्हणजे कुठं?”

मी वळून बघितलं. मागं म्हणजे तिची खिडकी, खिडकीत दुधाचं पातेलं आणि पातेल्यामागं ती. बोल्ट परत सोडले, यंत्र फिरवलं. आता आत घालायची बाजू कंपाउंडच्या भिंतीकडं आणि बाहेर यायची बाजू फाटकाकडं. फळी उलटी फेकली जाऊ नये म्हणून यंत्रात दातेरी अडसर असतात, पण त्यांच्या भरवशावर बायको ठेवू नये. फळी घालणाऱ्यानंसुद्धा तिच्या रेषेत उभं राहायचं नाही, एका अंगाला उभं राहायचं. आणि आत काय चाललंय ते बघायला वाकायचं तर अजिबातच नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला पहिली इच्छा नेमकी तीच होते.

यंत्र फिरवल्याचा एक फायदा मात्र मी हिशेबात धरला नव्हता. फळीचं शेवटचं वीतभर टोक एकाच रुळाच्या ताब्यात असतं. तिथं ती झुकते, शेपूट वर उचलतं आणि पातं नको तेवढं खोल जातं. टोकाला खळगा पडतो. पुस्तिकेवर विसंबायचं तर दोन्ही बाजूंना आधाराचे पाट लावायचे आणि बाहेर येणारं टोक हातानं किंचित उचलून धरायचं. आमच्या फाटकातून फळी गल्लीत येते आणि गल्लीत कोल्हापूरकर असतो. दूधवाला, पेपरवाला, क्लासला निघालेली पोरं, जो समोर असेल तो सायकल लावतो आणि न सांगता टोक धरतो. माझ्या फळ्यांना खळगा पडत नाही. गल्लीत कुणीच नसेल तर मी फळी अर्धा फूट लांब ठेवतो आणि नंतर टोकं कापून टाकतो, पण ती वेळ सहसा येत नाही.

विजेचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं. टीव्हीमागची पांढरी वायर ओढत आणून ते म्हणाले, “पाच अँपियरवर चालतंय की. मिक्सर न्हाई का चालत?” मिक्सर चालतो. पण हे सोळाशे वॅटच्या पुढचं काम आहे. त्याला पंधरा अँपियरचा, नीट अर्थिंग केलेला स्वतंत्र पॉइंट लागतो. बारीक आणि लांब वायर लावली की विजेचा दाब उतरतो, मोटर तापते आणि जळका वास आला की मगच सगळे गंभीर होतात. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या पुस्तिकेत ठळक छापायला हवी. वीज गेली तर आधी बटण बंद करायचं, मग पंख्याच्या नावानं ओरडायचं. नाहीतर सगळे चहा पीत असतात, दिवे येतात आणि पोर्चमध्ये यंत्र आपलं आपण कामाला लागतं.

आमचे सुतार मेस्त्री आले ते सगळं बसून झाल्यावर. पेठेतल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. त्यांनी यंत्राकडं बघितलंच नाही. माझी फळी उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली.

“सर, फळी वाकडी हाय.”

“म्हणून तर मशीन आणलंय, मेस्त्री.”

“मशीन वाकडीच काढणार. पातळ वाकडी.”

आणि खरोखर तसंच आहे. या यंत्राबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा, की त्यातून फळी सरळ होऊन निघते. रूळ तिला दाबून पाटावर सपाट करतात, पातं वरून तासतं, फळी बाहेर येते आणि दाब सुटल्यावर अंग ताणून पुन्हा पहिल्यासारखी वाकते. यंत्र फक्त वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतं. खालची वाकडी असेल तर वरची तिची इमानेइतबारे नक्कल करते. म्हणून आधी एक बाजू हातरंध्यानं सपाट करायची. तेवढा हात नसेल तर सरळ प्लायच्या पट्टीवर फळी ठेवायची, जिथं ती डुगडुगते तिथं पाचरी घालून चिकटवायच्या आणि पट्टीसकट आत सोडायची. हे ऐकल्यावर मेस्त्री पहिल्यांदा यंत्राकडं बघून हसले. आपला रंधा अजून लागतोय म्हटल्यावर त्यांचं आणि यंत्राचं जमलं.

मग एका वेळी किती खोल तासायचं याचा वाद निघाला. मेस्त्री सुतात बोलतात, यंत्र मिलिमीटरमध्ये. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या जरा वर. काकांचं मत, एकदाच दोन सूत काढा, कशाला घिरट्या घालायच्या? कोल्हापुरात हा स्वभावाचा प्रश्न आहे, थोडं थोडं करणाऱ्याला इथं मान नाही. शेवटी मी त्यांना समजेल असं सांगितलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ वर गेली की धोका पातळी. या यंत्राची इशारा पातळी अर्धा सूत आणि धोका पातळी एक सूत. रुंद फळी असेल, सागवानापेक्षा कडक लाकूड असेल, तर पाव सुतावरच थांबायचं. गल्लीला हे एका दमात पटलं. तेव्हापासून मी हँडल फिरवायला लागलो की फाटकाबाहेरून पोरं विचारतात, “सर, पाणी किती?”

एवढं करूनही सगळं एकाच बाजूनं काढायचं नाही. एकदा वरून, एकदा खालून. नाहीतर आतलं ओलं अंग एकीकडं उघडं पडतं आणि सकाळी बघावं तर फळीच्या दोन्ही कडा उचललेल्या. पावसाळ्यात तर हे हमखास. सरळ फळी मिळाली म्हणून रात्री आनंदानं झोपू नये.

सुरक्षेच्या बाबतीत आमच्याकडं सगळ्यात जास्त गाजला तो हातमोज्यांचा मुद्दा. एका भाच्यानं प्रेमानं जाड चामडी हातमोजे आणून दिले. मी ते घातले नाहीत आणि तो रुसला. फिरत्या यंत्राशी हातमोजे नकोतच. बोट वाचायच्या ऐवजी मोज्यासकट अख्खा हात आत ओढला जातो. लोंबता शर्ट, गळ्यातला गमछा, मनगटातला सैल दोरा, सगळ्यांना हाच न्याय. डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो म्हणून कानावर कानटोप्या. कानटोप्या घातल्या की बायकोची हाक ऐकू येत नाही हा दुष्परिणाम पुस्तिकेत दिलेला नाही.

लाकूड मला मिळालं ते जुन्या वाड्याचं. पेठांतले वाडे उतरतात तेव्हा असं सागवान निघतं की नवीन घ्यायची लाज वाटावी. पण वाड्याच्या लाकडाला भूतकाळ असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेली दारं असतील तर भेगाभेगांत गाळ बसलेला असतो. गाळ म्हणजे बारीक वाळू आणि वाळूवर पात्याची धार चार फुटांत जाते. तारेच्या ब्रशनं घासून, झटकून, मगच लाकूड आत सोडायचं. आणि खिळे. जुन्या घडीव खिळ्यांची डोकी तुटून गेलेली असतात, आतलं अंग तसंच राहतं. मेस्त्रींनी फळी उन्हात तिरपी धरून मला एक निळसर काळा ठिपका दाखवला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. “लाकूड काळं पडलंय, म्हणजे खाली लोखंड निजलंय.” पटाशीनं कोरलं तर खरंच चौकोनी खिळा, दीड इंचाचा, आतून गंजून लाकडाशी एकजीव झालेला. मी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवतो. मेस्त्रींच्या डोळ्याला तो अजून एकदाही हरवू शकलेला नाही.

काकांच्या फळीला मात्र हे सोपस्कार चालले नाहीत. “आमच्या वडिलांची फळी हाय, तिच्यात खिळा?” या प्रश्नाला सभ्य माणसाकडं उत्तर नसतं. टण्णकन आवाज आला. दोन्ही पात्यांना एकाच जागी बारीकसा दाता पडला आणि पुढच्या प्रत्येक फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंच रेघ उमटायला लागली. काकांनी बोट फिरवून ती डिझाइन म्हणून पास केली. उपाय सोपा असतो. यंत्र बंद करायचं, प्लग काढून नजरेसमोर ठेवायचा, दंड पूर्ण थांबू द्यायचा आणि एक पातं केसभर बाजूला सरकवून आवळायचं. मग एका पात्यातून सुटलेलं दुसरं पातं उचलतं.

पण खरी कसोटी लागली ती पोळपाटाची. मशीन लाकूड गुळगुळीत करतंय ही बातमी बायकांपर्यंत पोचली आणि एका सकाळी समोरच्या काकू पदराखाली पोळपाट घेऊन हजर.

“मध्ये खळगा पडलाय, चपाती लाटताना सरकतीया. ठेवून जातो, संध्याकाळी न्यायला येतो.”

मी नको म्हटलं. गल्लीत यंत्र असून नको म्हणणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझ्यासमोर भूमिती होती. पोळपाट दहा इंचांचा. दोन रुळांमधल्या अंतराहून तुकडा पुरेसा लांब नसेल तर पहिल्यानं सोडलेला दुसऱ्याला सापडेपर्यंत तो पात्याखाली मोकळा असतो. तिथं तो कलंडतो आणि मग फुटतो किंवा उडतो. चौदा इंचांखाली मी काही घेत नाही. शिवाय पोळपाटाला खाली तीन पाय, म्हणजे सपाट बूडच नाही. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग एवढं मोठं मशीन घेतलंय कशाला?” दुपारी दुसऱ्या घरातून विळीचा पाट आला. लोखंडी पात्यासकट. दोन्हींचं काम शेवटी मेस्त्रींनी ओट्यावर बसून हातरंध्यानं पाच मिनिटांत केलं आणि चहा घेताना माझ्याकडं बघायचं मोठ्या मनानं टाळलं.

राहता राहिल्या ढलप्या. एक सहा फुटी फळी तासली की अर्धं पोतं भरतं. त्या वेळच्या वेळी काढायला लागतात. साठल्या की पात्याखाली परत जातात आणि फळीवर ठसे उमटतात. आमच्या गल्लीत अजून दोन घरी अंघोळीचं पाणी बंबात तापतं. सागवानाच्या ढलप्या बंबाला लागल्यापासून त्या घरांचा यंत्राच्या आवाजाविरुद्धचा आक्षेप संपला. आता सकाळी आवाज आला नाही तर चौकशी करतात.

तेव्हा फळी आणायची असेल तर जरूर या. चौदा इंचांपेक्षा लांब, बारा इंचांपेक्षा अरुंद, खिळे काढलेली, एक बाजू रंधलेली असावी. किती जाडी हवी ते पेन्सिलीनं फळीवरच लिहून आणा, ‘तुम्हीच बघा की, सर’ चालणार नाही. दुपारी एक ते चार मशीन बंद राहील, समोरच्या घरात तान्हं बाळ आहे. उभं राहायचं ते फाटकाच्या बाजूला. आणि ढलप्यांवर पहिला हक्क बंबवाल्या दोन घरांचा आहे, त्यांनी नको म्हटल्या तर ज्यानं त्यानं आपापल्या पोत्यात भरून न्याव्यात.