त्रिसंघमीमांसा, अर्थात तीन पोकेमॉन निवडण्याचे शास्त्र

विश्वाचा आरंभ कसा झाला, आत्मा कशाचा बनला आहे आणि संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवर गाडी कुठे लावावी, या तीन प्रश्नांवर मानवजातीने पुष्कळ विचार केला आहे. चौथ्या प्रश्नाची मात्र पंडितांनी उपेक्षा केली. ‘पोकेमॉन गो’ या फोनवरच्या खेळाच्या ग्रेट लीगमध्ये लढायला कोणते तिघे न्यावेत? ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत ग्रंथ सिद्ध केला आहे.

अनुबंध

शास्त्राला आधी चार अनुबंध सांगावे लागतात. विषय: तिघांचा संघ. क्षेत्र: जुन्या गंगापूर नाक्यापासून जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे करत धरणाकडे जाणारा रस्ता. अधिकारी: ज्याच्या फोनमध्ये हा खेळ आहे, खिशात पॉवर बँक आहे आणि घरी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असे सांगताना ज्याचा चेहरा बदलत नाही, तो. प्रयोजन: जिंकणे. गौण प्रयोजन: हरल्यावर नेटवर्कला दोष न देता खरे कारण सांगता येणे. गौण प्रयोजन आजवर कोणालाही साधलेले नाही.

इतिहासखंड

पोकेमॉन नावाचे हे दैत्ययुद्ध १९९६ साली जपानात जन्मले. जनक सातोशी ताजिरी. त्यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. प्रारंभी पोकेमॉनांचे १५ टाइप, म्हणजे प्रकार, होते. त्यात सायकिक टाइप इतका माजला, की १९९९च्या आवृत्तीत डार्क आणि स्टील असे दोन नवे टाइप आणावे लागले. पुढे ड्रॅगनांची मस्ती उतरवण्याचे काम २०१३ साली फेअरी टाइपकडे आले. आज टाइप १८ आहेत. कोणी डोईजड झाला, की त्याला पुरून उरणारा जन्माला घालायचा, ही परंपरा आमच्याकडील पुराणांत आधीपासून आहे. त्यामुळे नाशिककरांना हा खेळ परका वाटला नाही.

‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६मध्ये आला. तत्पूर्वीच, त्याच वर्षी, गुजरात उच्च न्यायालयात त्याविरुद्ध याचिका दाखल झाली होती, कारण खेळात देवळांपाशी अंडी मिळतात. पायी चालून ही अंडी उबवायची असतात. नवश्या गणपतीला चतुर्थीच्या दिवशी पायी जाताना खिशातले अंडे उबले, तर उपास मोडतो काय? निर्णयसिंधूत याचा निर्णय नाही. आमच्या मते मोडत नाही. मात्र उबवून बाहेर आलेल्याचे नाव आरती संपेपर्यंत मोठ्याने घेऊ नये.

सूत्र १ : बळाला मर्यादा आहे, म्हणून अकलेला वाव आहे.

*पूर्वपक्ष.* सर्वांत बलवान तिघे घ्यावेत, इतके सोपे असताना शास्त्र कशाला?

*उत्तर.* ग्रेट लीगमध्ये सीपी, म्हणजे पोकेमॉनच्या बळाचा आकडा, १५००च्या वर चालत नाही, अल्ट्रामध्ये २५००. मास्टर लीगला मर्यादा नाही, आणि म्हणूनच तिथे शास्त्रापेक्षा साठवलेल्या कँडीला मान आहे. सीपीच्या हिशेबात हल्ल्याचे गुण पूर्ण धरतात, बचाव आणि दम यांचे फक्त वर्गमूळ. परिणामी १५००च्या छताखाली ज्याच्या अंगात हल्ला कमी तो जास्त अंग धरतो. आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण, तपासताना हल्ला ०, बचाव १५, दम १५ असा पोकेमॉन निघाला, की कॉलेजातली मुले आनंदाने ओरडतात, आणि शेजारच्या बाकावरचे आजोबा ‘शून्य मिळून इतका आनंद?’ म्हणून पिढीची चिंता करतात. मास्टर लीगमध्ये हाच पोकेमॉन टाकाऊ ठरतो. गुणपत्रिका एकच, पण शाळेनुसार पोरगा हुशार किंवा ढ.

सूत्र २ : तिघांचे दुखणे एक असू नये.

गंगापूर रोडवर सर्वाधिक आढळणारा दोष हाच. एखादा हौशी अल्ट्रा लीगमध्ये चारिझार्ड, टॅलनफ्लेम आणि मोल्ट्रेस घेऊन उतरतो. तिघेही देखणे, तिघांनाही पंख, तिघांच्याही अंगातून आग. पण फायर आणि फ्लाइंग हे दोन्ही टाइप रॉकपुढे दुबळे. एका टाइपचा दुबळेपणा मार १.६ पट करतो, दोन्हींचा मिळून २.५६ पट. समोरून एक साधा खडकवाला येतो आणि एका दगडात तीन पक्षी पडतात. मालक म्हणतो, ‘नशीबच खराब.’ नशिबाचा येथे काही संबंध नाही. त्याने एकच पोकेमॉन तीनदा निवडला होता.

यावरून सिद्धांत असा, की संघाचा तोल बळाच्या बेरजेवर ठरत नाही, दुबळेपणाच्या वाटणीवर ठरतो. प्रत्येकाचे काहीतरी दुखणारच. प्रश्न इतकाच, की ते दुखत असताना दुसरा धडधाकट आहे का?

सूत्र ३ : वाटणी कोष्टकाने तपासावी.

उदाहरणार्थ अझुमारिल, गॅलेरियन स्टनफिस्क आणि स्कार्मरी हे त्रिकूट घेऊ.

अझुमारिल हा पाणी-फेअरी असा निळा, गोल ससा. त्याला वीज, गवत आणि विष बाधते. वीज आणि विष स्टनफिस्कला जवळजवळ लागत नाही, गवताला स्कार्मरी भीक घालत नाही. स्टनफिस्क जमीन-पोलादाचा, म्हणजे ग्राउंड-स्टील टाइपचा, त्याला आग, पाणी, फायटिंग आणि ग्राउंड बाधतात. पहिले तिन्ही ससा झेलतो. ग्राउंडचा मार हवेतल्या स्कार्मरीला कसाबसा पोचतो. स्कार्मरी पोलादी पक्षी. त्याला आग आणि वीज. आगीला ससा, विजेला स्टनफिस्क. वर्तुळ पूर्ण झाले.

*पूर्वपक्ष.* पण आग दोघांना जाळते आणि वीजही दोघांना झटका देते! ससा आधी पडला, तर उरलेले दोघे एकाच चुलीत.

*उत्तर.* आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ससा जपावा. मार अडवणाऱ्या शिल्ड प्रत्येक बाजूला फक्त दोन मिळतात; त्या पहिल्या घाबरटपणात उधळणाऱ्याला तोल कितीही साधला तरी उपयोग नाही.

*दुसरा आक्षेप.* हे एकच त्रिकूट पाठ केले तर?

तेही चालणार नाही. एका पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असतात. एकेरी १८, जोडीचे १५३, मिळून १७१ घडणी. त्यांतून तीन वेगळ्या निवडायच्या तर कागदावर ८,१८,८०५ संघ होतात. भास्कराचार्यांनी शके १०७२मधल्या ‘लीलावती’त सहा रसांची मिश्रणे मोजायला लावली आहेत, ती ६३ होतात, आणि तीन-तीन रसांची २०. आचार्यांपुढे १८ टाइप ठेवले असते, तर त्यांनी हिशेब लगेच केला असता आणि नंतर लीलावतीला फोन ठेवून अभ्यासाला बस म्हटले असते. शिवाय दर मोसमात खेळवाले चालींची ताकद कमी-जास्त करतात आणि कालचा मेटा, म्हणजे चलतीतला संघ, आज शिळा होतो. पाठांतराचा नाशिकमध्ये मोठा मान आहे, पण येथे त्याची मात्रा चालत नाही.

सूत्र ४ : क्रम हा अर्धा संघ.

खेळाडू तिघांना लीड, स्वॅप आणि क्लोजर म्हणतात. ज्यांनी सोसायटीची कमिटी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजवायला नको. लीड म्हणजे अध्यक्ष: पहिला आरडाओरडा त्याने अंगावर घ्यायचा. स्वॅप म्हणजे सचिव: विषय अडला, की आत येऊन तो भलतीकडे नेणारा, आणि कोणाशीही जुंपली तरी फार नुकसान न होऊ देणारा. क्लोजर म्हणजे खजिनदार: शेवटपर्यंत गप्प राहायचे, आणि समोरच्यांच्या शिल्ड संपल्या की वही उघडायची. एकदा बदली केली, की काही काळ दुसरी करता येत नाही. म्हणून रागाच्या भरात केलेली बदली महागात पडते.

स्वॅपसाठी सेबलाय नावाजलेला आहे. डार्क-घोस्ट असल्याने त्याला फक्त फेअरी बाधते. सतरा टाइपांशी त्याचे भागते. असा माणूस कोणत्याही कमिटीत पुन्हा पुन्हा निवडून येतो.

परिशिष्ट : हवामान

या खेळात खऱ्या हवेचा परिणाम होतो. पावसात पाणी, वीज आणि कीटक या टाइपांना बळ चढते. उन्हात आग, गवत आणि ग्राउंड यांना. पोलाद आणि बर्फ यांना फक्त हिमवर्षावात. निफाडचा पारा हिवाळ्यात कितीही खाली गेला, तरी गंगापूर रोडवर बर्फ पडत नाही. तेव्हा येथील पोलादी पोकेमॉन हवेच्या मदतीवाचून मोठा झालेला असतो, हे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. लीगच्या लढतीत मात्र हवेला मत नाही. धरण भरल्याचा आनंद वेगळा आणि अझुमारिलचा दम वेगळा.

सूत्र ५ : आवडता कोष्टकात बसत नाही.

येथवर शास्त्र निर्वेध चालले. पण प्रत्येक खेळाडूकडे एक पोकेमॉन असा असतो, की ज्याचे आयव्ही वाईट, चाली वाईट, टाइप कोणाच्याच कामाचा नाही, आणि तरी तो सोडवत नाही. तो पहिल्याच दिवशी सापडलेला असतो, किंवा आता पुण्याला गेलेल्या मित्राने बदल्यात दिलेला असतो. अशाला संघात घालावे, असे एक मत आहे. हे मत मांडणारे सतत हरतात. त्याला काढून टाकावे, असे दुसरे मत आहे. ते मांडणाऱ्यांनी स्वतः अजून तसे केलेले नाही.

उभयपक्षी समाधान खेळातच आहे. ‘बडी’ म्हणून एक पोकेमॉन निवडता येतो. तो नकाशावर आपल्याबरोबर चालतो आणि चाललेल्या किलोमीटरांच्या हिशेबाने कँडी मिळवून देतो. जिंकण्याची अट त्याला नाही. म्हणून अंतिम सिद्धांत: लढायला तिघे, चालायला चौथा. तिघे कोष्टक पाहून निवडावेत. चौथा निवडताना कोष्टक बंद करावे. या सूत्रावर आजवर एकाही टीकाकाराने आक्षेप घेतलेला नाही. सर्वांचेच बडी अत्यंत कुचकामी आहेत.