पाळण्यातला जामीनदार

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर दोन चष्मे आणि राज्याच्या अर्थसंकल्पाचं जाडजूड पुस्तक. निवृत्त जनरल मॅनेजर साहेब जवळचा चष्मा काढून लांबचा लावतात आणि प्रेक्षकांकडे बघतात.)

मंडळी, केबिन गेली, शिपाई गेला, सही करायला उरला तो फक्त हयातीचा दाखला. असा माणूस राजकारणावर बोलणारच. माझं म्हणणं जुन्या वळणाचं आहे आणि एवढंच आहे: ज्याला मतदानाचा हक्क नाही, त्याच्या नावावर उधारी करू नये. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्रावरच्या कर्जाचा अंदाज आहे 9 लाख 32 हजार कोटींच्या आसपास. माणसं साधारण 13 कोटी. करा भागाकार. माणशी 70 हजारांच्या वर! म्हणजे बारशाच्या दिवशी पोर पाळण्यात टाहो फोडतं ते भुकेनं, हा आपला गोड गैरसमज आहे. बरं, त्याच्याकडे ना मतदार कार्ड, ना युनियन, ना मोर्चात चालायला पाय. त्यामुळे त्याच्या नावावर कितीही काढा, घोषणा द्यायला कोणी येत नाही.

आता कोणी म्हणेल, "साहेब, कर्ज काढून रस्ते बांधले तर वापरणार कोण? नातवंडंच ना?" कबूल. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे 2002 मध्ये पुरा झाला, टोल आजही चालू आहे; पण टोल भरणाऱ्याच्या चाकाखाली निदान रस्ता आहे. माझी तक्रार खाऊन संपवायच्या उधारीबद्दल आहे. याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45 हजार कोटींच्या वर धरली आहे. घरखर्चच मिळकतीत भागत नाही, असा त्याचा अर्थ. तरी 2024 च्या विधानसभेआधी 'लाडक्या बहिणीं'ना महिन्याला 1500 रुपये सुरू झाले, प्रचारात एका आघाडीनं 2100 सांगितले आणि दुसरीनं 3000. लिलावात बोली लावणाऱ्याचा हात निदान स्वतःच्या खिशावर असतो हो! लगेच तुम्ही म्हणाल, "गरीब बाईच्या 1500 वर डोळा?" मुळीच नाही. त्यातून दूध येतं, वह्या येतात. ते पैसे पोराच्याच पोटात आणि डोक्यात जातात. जरूर द्यावेत, पण कर वाढवून द्यावेत, नाहीतर दुसरा खर्च कापून. आणि 'मी कर वाढवतो, मला निवडून द्या' असं म्हणणारा पुढारी... (प्रेक्षागृहावरून नजर फिरवतात) राहू द्या, शोधू नका.

सगळ्यात अवघड आक्षेप आमच्यावरचाच आहे. "आधी तुम्ही म्हातारे सवलती सोडा." रेल्वेच्या तिकिटावर ज्येष्ठ पुरुषांना 40 आणि महिलांना 50 टक्के सूट होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. सरकारनं फुकट काही वाटू नये, असं कट्ट्यावर ठणकावून सांगणारे विद्वान त्याच दमात ही सूट परत मागतात. दुसऱ्याला मिळतं ते फुकट. आपल्याला मिळतो तो सन्मान! एसटीचं बघा. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर मशीनमधून तिकीट काढून हातात देतो. रक्कम शून्य. पण डिझेल काही शून्य रुपयांनी मिळत नाही. एसटीला ती भरपाई तिजोरीतून, तिजोरीत तूट, तुटीवर कर्ज आणि कर्जाला जामीनदार तो पाळण्यातला. "एका तिकिटानं असं काय बुडतंय?" हे म्हणायला सोपं आहे, 2100 सांगणाराही हेच म्हणतो, 3000 सांगणाराही हेच.

ज्या आजोबांना तालुक्याच्या दवाखान्यात जायला दुसरं साधन नाही, त्यांचं तिकीट शून्यच राहू द्या. त्यावर वाद घालणाऱ्याशी मी बोलणार नाही. पण ज्यांची पेन्शन त्या कंडक्टरच्या पगारापेक्षा जास्त आहे, त्यांनी उद्यापासून आधार कार्ड पाकिटातच ठेवावं आणि पूर्ण तिकीट मागावं. (पुस्तक काखेत मारतात) सुट्टे पैसे तेवढे जवळ ठेवा. त्या बाबतीत कंडक्टर वयाचाही मान ठेवत नाही.