वहिनींची धाकटी आणि सिंकखालचा प्लाय

अहो, या ना जरा इकडे कुंपणाशी. दूध ठेवलंय का गॅसवर? मग बंद करून या, हे दोन मिनिटांत उरकणारं नाही.

ऐकलंत का, पलीकडच्या वहिनींच्या धाकटीचं? हो, तीच, बी.कॉम. झालेली. बँकेच्या परीक्षा देतेय म्हणून वहिनी सांगत फिरत होत्या ना... कसल्या बँकेच्या! पोरगी सरकारी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून बाहेरसुद्धा पडली. कारपेंटर ट्रेड, एक वर्षाचा. आणि आठवी पास असलं तरी प्रवेश मिळतो त्याला! वहिनींना तेच जिव्हारी लागलं. "आठवीवाल्यांच्या रांगेत माझी ग्रॅज्युएट मुलगी रंधा मारणार?" हे मला सांगताना डोळ्याला पदर. मी आपलं 'हो ना, हो ना' केलं. भाऊजींनी विचारलं, मुलींना घेतात तरी का तिथे? धाकटी म्हणाली, "घेतात म्हणजे? तीस टक्के जागा राखीव आहेत बाबा, भरत नाहीत एवढंच." भाऊजी गप्प. पेपर उलटा धरून वाचत बसले म्हणे.

तर काय सांगत होते... हां, शिकण्याचं. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या टेबल-खुर्ची करायला देत असतील. छे! आधी नुसती करवत सरळ चालवायची. मग रंधा. फळी रंधून झाली की गुण्या लावून उजेडाकडे धरायची. मधून उजेड दिसला की सर काही न बोलता परत देणार. पटाशीला धार लावण्यातच कितीतरी तास गेले म्हणे. मग सांधे: अर्ध्यात अर्धं बसवायचं, एकीला जीभ काढून दुसरीच्या भोकात घालायची, शेवटी तो डव्हटेल. खिळा नाही, स्क्रू नाही, तरी ओढून सुटत नाही. तिने केलेला एक सांधा वहिनींनी मला दाखवला. शोकेसमध्ये ठेवलाय, बरं का! रडणं एकीकडे आणि शोकेस एकीकडे.

पुढे अप्रेंटिस म्हणून लागली चाकणकडे, मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात. अप्रेंटिसांचा १९६१ चा कायदाच आहे, त्यामुळे स्टायपेंड मिळतो. तिथे सगळं मशीनवर. पॅनल कापायचं मशीन वेगळं, कडेला पट्टी चिकटवायचं वेगळं, बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं आणखी वेगळं. पण पोरगी हुशार. सुटीच्या दिवशी एका राजस्थानी मिस्त्रींच्या हाताखाली साइटवर जायची. म्हणते, कारखान्यात सगळ्या भिंती काटकोनात असतात, लोकांच्या घरात एकही नसते. ते जुळवणं मिस्त्रीच शिकवतात.

आमच्या ह्यांनी लगेच पेपरातलं काढलं. "ती विश्वकर्मा योजना आहे ना, २०२३ ची? अठरा धंद्यांत सुतार आहेच. हत्यारांना पंधरा हजार, एक लाखाचं कर्ज पाच टक्क्यांनी, ते फेडलं की आणखी दोन लाख." धाकटी हसली. म्हणाली, "काका, ती हाताने स्वतःचा धंदा करणाऱ्यांना. मी अजून नोकरदार. आधी धंदा तर सुरू करू दे." ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं, तुम्हाला म्हणून सांगते.

आमचं मागचं दार माहितीये ना, पावसात फुगून बसतं ते? तिला म्हटलं, मार बाई जरा रंधा. हात लावून बघितलं आणि साफ नाही म्हणाली! "काकू, लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाही. आत्ता तासलं तर थंडीत बोटभर फट पडेल. दिवाळीनंतर येते, तेव्हाही अडत असेल तर बघू." आता आधीचा माणूस दर पावसाळ्यात तासून पैसे घेऊन जायचा, त्याला काय म्हणायचं?

पण खरी गंमत पुढेच... तिला स्थळ आलं! मुलगा आयटीत, बाणेरला फ्लॅट. वहिनींनी बजावलं होतं, "इंटिरिअरमध्ये आहे म्हण." हिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सुतारकाम करते." मुलाच्या आईचा हात बिस्किटावरच थबकला. वहिनी सांगतात, पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

तरीही घर बघायला बोलावलं. नवं किचन, सॉफ्ट क्लोज ट्रॉल्या, मुलाची आई कौतुकाने एकेक उघडून दाखवतेय. "सगळं मरीन प्लाय हं, कॉन्ट्रॅक्टरने स्वतः सांगितलंय." धाकटी काय करते? सिंकखालची ट्रॉली सरळ बाहेर काढली, खाली बसली आणि मोबाइलचा टॉर्च मारला. फळीच्या मागच्या बाजूला सनमायका लावलाच नव्हता, आणि त्यावर छापलेलं, आयएस ३०३. "काकू, मरीन असता तर ७१० असतं. ३०३ म्हणजे साधा. वाईट नाही, बेडरूमच्या कपाटाला छान. पण इथे पाणी गळतं." खालची कड नखाने दाबून दाखवली, पापुद्रे सुटायला लागलेले!

मुलाच्या आईचा चेहरा काय विचारता. वहिनींना वाटलं, मोडलं लग्न. पण मुलाचे वडील उठले, बिलाची फाइल घेऊन आले आणि हिच्या शेजारी जमिनीवर बसले. ओळ न् ओळ तपासली दोघांनी. कॉन्ट्रॅक्टरला तिथूनच फोन! आणि मुलगा? तो नुसता टॉर्च धरून उभा.

लग्नाचं ठरलं का, ते वहिनी अजून सांगत नाहीत. पण परवा वाण्याकडे मी कानांनी ऐकलं, "आमची धाकटी कारपेंटर आहे" म्हणाल्या. ठसक्यात.

तुमचंही किचन करायचं चाललंय ना? मग फळ्यांवर सनमायका चढायच्या आधी प्लायचा शिक्का स्वतः बघा, आणि बिलावर नंबर लिहून घ्या. नाहीतर तिला बोलवा. फक्त शेजारधर्म म्हणून फुकट विचारू नका हो, व्हिजिटचे पैसे घेते ती. माझ्याकडूनसुद्धा घेतले!